ऊबपट्टी

शैलजाच्या उजव्या पायाच्या अंगठ्याच्या बेचकीत खोबरेल तेल गोठलं होतं.

लांब दांड्याचा आरसा तिनं थोडा आणखी तिरका केला. मधोमध पांढरं, कडेला दुधी काचेसारखं. डाव्या पायाच्या बेचक्यांतही तसंच. गुडघ्यामागे मात्र तेल तेलासारखंच होतं, पातळ आणि चकचकीत. काल संध्याकाळी तिच्या भावजयीनं, कल्पनानं, दोन्ही पायांना एकाच वाटीतलं तेल लावलं होतं.

रोज सकाळी आरशात पाय तपासायचे हा तिचा नियम होता. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीनं तिच्या स्कूटरला उडवलं त्या दिवसापासून छातीखालचं शरीर तिच्याशी बोलत नव्हतं. कुठं टोचलं, भाजलं, घासलं, तर ते डोळ्यांनीच शोधावं लागे. पाठीच्या कण्यात सळया बसवलेल्या असल्यानं तिला पुढं वाकता येत नसे, म्हणून हा आरसा. अपघाताआधी ती टेकवाडीच्या शाळेत विज्ञान शिकवायची. गाव अजूनही तिला ‘बाई’च म्हणायचं.

खोबरेल तेल साधारण चोवीस अंशांखाली गोठतं. रात्रभर गोधडीत असलेले पाय, मग ते संवेदना नसलेले का असेनात, चोवीसच्या खाली जात नाहीत. रक्त फिरत असतं, गोधडी त्याची ऊब धरून ठेवते. हे वाक्य तिनं मनात पूर्ण केलं. त्याच्या पुढचं वाक्य केलं नाही.

“उठलात का वन्सं?” कल्पना गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून आत आली. पिशवी पायांशी ठेवून तिनं गोधडी नीट खोचली आणि भिंतीवरच्या छोट्या स्पीकरकडं बघत उभी राहिली. चहा ओट्यावरच राहिला होता. थोड्या वेळानं स्पीकर गोड आवाजात म्हणाला, “ऊब मिळाली. नोंद झाली. आभार.”

“झालं बाई,” म्हणत कल्पना चहा आणायला गेली.

*

ऊबपट्टी कागदाइतकी पातळ आणि बोटभर रुंद होती. शैलजाच्या घोट्याला ती चिकटवलेली होती. तिला बॅटरी लागत नसे. एक बाजू कातडीला, दुसरी हवेकडं. दोन्हींच्या तापमानात फरक पडला की त्या फरकातून किंचित वीज तयार होई आणि तिच्यावरच पट्टी चाले. तत्त्व जुनं होतं. शैलजानं ते दहावीच्या मुलांना पुस्तकाबाहेरचं म्हणून शिकवलं होतं. नवं होतं ते एवढंच, की अगदी थोडा फरकही आता पुरत होता.

त्या दशकात थंडीचं वागणं बदललं होतं. उंचावरून वाहणारा वाऱ्याचा पट्टा सैल पडून वेडावाकडा वळायला लागला आणि उत्तरेची हवा थेट गोदावरीच्या खोऱ्यात उतरू लागली. निफाडला पारा पूर्वीही खाली जायचा, पण आता लाटांमागून लाटा यायच्या आणि पहाटे द्राक्षांच्या पानांवर बर्फ धरायचा. बागांमधून शेकोट्या पेटवण्यावर धुरामुळं बंदी आली. मग लोकांनी वेलींच्या बुंध्यांना तापणाऱ्या तारा गुंडाळल्या, आणि सगळ्या खोऱ्याला रात्रीची वीज पुरेना.

तेव्हा ठरलं, की ज्या घरात अपंग माणूस आहे त्या घराला रात्रीची वीज आधी मिळेल. सरकारी भाषेत ते ‘आधार-घर’. विचार चांगला होता. ज्यांच्या शरीराला थंडीशी लढता येत नाही, त्यांच्या खोलीत हीटर चालावा. पहिल्या हिवाळ्यात घरांनी वीज घेतली, बागेला लावली, आणि माणसं गारठ्यात तशीच पडून राहिली. म्हणून दुसऱ्या हिवाळ्यात पट्टी आली. वीज हवी असेल तर माणूस खरोखर उबदार झाला पाहिजे. पण नुसतं तापमान मोजलं असतं तर पक्क्या घरातले लोक काही न करता पुढं गेले असते आणि पत्र्याच्या घरातले कितीही धडपडले तरी मागं राहिले असते. म्हणून मोजायची ती वाढ: माणूस किती गरम आहे हे नव्हे, तर कोणी जवळ आल्यावर तो किती गरम *झाला* हे. शेजारीही हातभार लावू शकत होते. मनगटाला नोंद ठेवणारं कडं घालून ते जवळ बसले आणि पट्टीनं वाढ दाखवली, की त्यांच्याही बागेला वीज.

शैलजानं हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिला ते आवडलं होतं. यात न्याय होता, विचार होता. शिवाय तिच्यामुळं भावाची बाग वाचणार होती, आणि कितीतरी वर्षांनी ती कोणाच्या तरी उपयोगी पडणार होती. तो आनंद तिला आता आठवला की तोंडाला पाणी सुटायचं, ओकारीच्या आधी सुटतं तसं.

*

ऊन ओसरीवर आलं की शेजारी यायला लागत. पट्टी येण्याआधी ते फक्त दिवाळीला येत.

“सरका ना पोपटराव, तुम्ही कवापासून बसू राहिले!” हिराबाईनं पदर खोचत खाट अडवली. तिच्या हातांना बामाचा वास होता.

“माझी नोंद अजून लागली नाही,” पोपटराव म्हणाले. त्यांनी शैलजाचं पाऊल दोन्ही तळव्यांत धरलं होतं, चिलीम धरावी तसं. “बाईंचे पाय लई गार आहे आज. चांगलं आहे. चढेल पटकन.”

“चढंल तुमच्या कड्यावर! माझी पाळी आली की तापलेले असतात, मग माझ्या नावावर भोपळा.”

“मग लवकर यायचं.”

“घरातलं कोण करील? तुमची म्हातारी?”

पोपटरावांच्या म्हाताऱ्या आईचे पाय संधिवातानं जखडलेले होते. त्यांच्या घरीही पट्टी होती. पोपटराव पाऊल आणखी जोरात चोळू लागले. शैलजाला ते जाणवत नव्हतं. दिसत होतं. तेलाची पांढरी गुठळी त्यांच्या अंगठ्याखाली वितळून त्यांच्या नखात गेली, आणि तो अंगठा त्यांनी सदऱ्याला पुसला.

“बाई, जरा गोड काहीतरी आठवा,” हिराबाई म्हणाली. “मन खूश असलं की अंग लवकर तापतं म्हणे. माझी बाग खुडायला आलीय हो.”

“हिराबाई,” शैलजा म्हणाली, “मला या सगळ्याचा उबग आलाय.”

स्पीकर जागा झाला. “ऊब आली. लाभार्थींनी स्वतः सांगितलं. विशेष नोंद झाली. आभार.”

मग हिराबाईनं टाळीच वाजवली. “पाहा! बाई स्वतः बोलल्या! माझ्या पाळीत बोलल्या!”

“पाय माझ्या हातात होता,” पोपटराव म्हणाले.

शैलजानं डोळे मिटले. ‘ग’ ऐकू न येणारं यंत्र कोणी बनवलं असेल, असा विचार तिच्या मनात आला. आणि मग हाही, की ज्यानं बनवलं त्याला या भाषेत हे दोन शब्द इतके जवळ असतील अशी कल्पनाही नसेल.

*

दुपारी फरीदा आली. फरीदा पिंजारी तालुक्याची हिवाळी सल्लागार होती आणि कधीकाळी शैलजाच्या वर्गात मागच्या बाकावर बसायची. लहानपणी साप चावून तिचा एक पाय गेला होता. तीनचाकी स्कूटर अंगणात लावून ती कृत्रिम पाय खटखटवत आत आली.

“थंडीत माझा पाय मला मोठा होतो बघा, बाई. वरचा उरलेला सुकतो नि हा ढिला पडतो. दोन मोजे घातलेत आत.” ती खाटेच्या कडेवर बसली. “चला, पाठ म्हणते. कान झाकलेले? थरावर थर? शेकोटीजवळ पाय नाही ना नेत? गरम पिशवी उघड्या कातडीला नको, तुम्हाला भाजलेलं कळायचं नाही. सारखं काहीतरी कोमट पीत जा. आणि पाय रोज—”

“बघते. आरशात.”

“माहीतच आहे. तुम्हाला काय शिकवायचं.” फरीदानं मोबाईल काढला. “मी आले ती दुसऱ्याच कामासाठी. तुमच्या घराचा सत्कार आहे. सव्वीस जानेवारीला. आदर्श आधार-घर. विलासभाऊ आणि वहिनींना शाल. रोज सकाळी इतकी वाढ अख्ख्या तालुक्यात कोणाची नाही.” तिनं पडद्यावरची रेघ शैलजाला दाखवली.

रेघ करवतीच्या दातांसारखी होती. सकाळी सातला सरळ वर. मग हळूहळू उतार. आणि पहाटे, वर जाण्याच्या जरासं आधी, एक खोल दरी. रोज त्याच जागी.

दोघीही त्या दरीकडं बघत राहिल्या.

“थंडी फार आहे,” शैलजा म्हणाली.

“बाहेर. गोधडीत पण?”

फरीदानं न विचारता गोधडी उचलून टाचा पाहिल्या. डाव्या टाचेच्या कडेला, आरशाच्या कोनातून निसटणाऱ्या जागी, नाण्याएवढा निळा-काळा चट्टा होता. कडा फुगलेली, ओलसर.

“हे ओल आणि थंडी दोन्हीचं आहे,” फरीदा हळू आवाजात म्हणाली. “उद्या सकाळी गाडी घेऊन येते. डॉक्टरांना दाखवू. टाच गेली तर पाऊल जाईल, बाई. माझं गेलंय, म्हणून सांगते. नंतर कोणी शाल देत नाही.” मग थोडं थांबून, “आणि तिकडं यायचं बघा की. किती दिवस विचारते.”

“तिकडं” म्हणजे निफाडला, भाड्याच्या घरात, जिथं फरीदा आणि आणखी काही जणी राहत. कोणाला दिसत नाही, कोणाचे हात थरथरतात, कोणाला चालता येत नाही.

“संस्था वगैरे काही नाही,” फरीदा म्हणाली. “वर पत्रा आहे. जादा वीज मिळत नाही. पट्ट्या लावून बघितल्या, पण कोण कोणाला ऊब देतंय ते यंत्राला कळेना. सगळ्या एकाच खोलीत झोपतो ना. आमची रेघ सपाट. तालुक्यात शेवटचा नंबर.” ती हसली. “पण सपाट आहे.”

“बघते,” शैलजा म्हणाली.

“मागच्या हिवाळ्यातही ‘बघते’च म्हणाला होता.”

*

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या जरा आधी दार सरकलं. शैलजा जागी होती. आरसा तिनं उशीला टेकवून पायांच्या दिशेनं लावून ठेवला होता. कल्पना येईल असं तिला वाटलं होतं, किंवा वाटून घ्यायचं होतं.

विलास आला. हातात बादली होती. त्यानं गोधडी तिच्या गुडघ्यापर्यंत दुमडली; अगदी हळू, झोपलेलं मूल उठू नये अशी काळजी घेत. बादलीतून ओल्या गोणपाटाचे तुकडे काढले, पिळले आणि तिच्या पावलांभोवती गुंडाळले. उन्हाळ्यात कलमांच्या बुंध्यांना गुंडाळायचे तेच तुकडे. मग त्यानं खिडकीची खालची झडप तेवढी उघडली. वारा फक्त पायांकडं यावा असा.

सगळं निगुतीनं केलेलं होतं. तिला सर्वांत जास्त किळस त्या निगुतीची आली.

“विलास.”

त्याचा हात थांबला. “जागी आहेस होय, ताई?”

“कधीपासून चाललंय हे?”

“झोप तू. थोड्या वेळाचं काम आहे; एरवी तू उठायच्या आत काढून नेतो. सातला कल्पना शेकते की परत.”

“कधीपासून?”

“दिवाळीनंतर लाट आली तेव्हापासून.” त्यानं बादली खाली ठेवली. “आधी नुसती गोधडी सरकवत होतो. त्यानं काही फार फरक पडेना.”

फरक पडेना. तिनं शिकवलेला शब्द. पट्टी फरकावर चालते. ज्याला फरकावरच जगायचं असतं, त्याला फरकच हवा असतो. खाली ढकलल्याशिवाय वर उचलता येत नाही, हे या घरानं कोणी न शिकवता शोधून काढलं होतं.

“सगळं गाव करतंय, ताई. पोपटराव म्हातारीला पहाटे ओट्यावर बसवतो. वस्तीवरची ती मुकी पोरगी आहे ना, तिला तर पंख्याखाली. आपण तसलं काही करत नाही. तुला कुठं कळतं? तुझ्या पायांना थंडी कळत नाही. वेलीला कळते. एका रात्रीत मणी काळे पडतात.”

“रक्त तिथं गार होतं आणि वर येतं,” शैलजा म्हणाली. वर्गात बोलायची तसा तिचा आवाज सपाट होता. “शिरा आवळून धरायचा निरोप माझ्या पायांपर्यंत पोचत नाही. ते रक्त छातीत येतं, विलास. महिनाभर माझे दात वाजतायत. तू मला स्वेटर आणून दिलास.”

“चांगला आहे ना तो स्वेटर?” तो म्हणाला. खरोखर दुखावल्यासारखा. “लासलगावाहून आणला.”

“माझी टाच काळी पडली आहे.”

तो वाकून बघू लागला. बघितलं, आणि त्याचा चेहरा पडला. एवढ्यावर तो थांबला असता तर तिनं कदाचित पुन्हा ‘बघते’ म्हटलं असतं. हाच विलास तिला पाठीवर घेऊन दवाखान्याचे जिने चढला होता. तिच्या ऑपरेशनसाठी त्यानं बागेचा वरचा तुकडा विकला होता, आणि त्याबद्दल एकदाही बोलला नव्हता.

“बाग गेली तर तुला कोण सांभाळणार?” तो म्हणाला. “कोणासाठी करतो मी हे?” आणि मग, गोणपाटाची कडा टाचेवरून जरा वर सरकवून, चट्टा तेवढा मोकळा ठेवून, त्यानं ते पुन्हा नीट खोचलं. “आजचा दिवस राहू दे, ताई. रात्री मोठी लाट येणार आहे. उद्यापासून बघू काहीतरी.”

तो गेला. दार त्यानं आवाज न करता लावलं.

तिला वाकता येत नव्हतं. आरशाच्या दांड्यानं तिनं गोणपाट ढकलायचा प्रयत्न केला; ते ओलं होतं, जड होतं, हललं नाही. बाहेर उजाडत गेलं आणि ती आरशात बघत राहिली. कोणाचे तरी दोन पाय, पोत्यात बांधलेले. ते पाय ज्या बाईचे होते तिला काही कळत नव्हतं. ज्या बाईला कळत होतं ती बघत होती.

सातला कल्पना आली. आज गोणपाट तिनंच काढून बादलीत टाकलं, पाय पुसले, पिशवी ठेवली. डोळे वर केले नाहीत.

“तुला माहीत होतं,” शैलजा म्हणाली.

“वन्सं, मी फक्त ऊब देते,” कल्पना म्हणाली. “गार मी नाही करत.”

“ऊब मिळाली,” स्पीकर म्हणाला. “नोंद झाली. आभार.”

*

फरीदा गाडी घेऊन आली तेव्हा ओसरीवर हिराबाई आणि पोपटराव येऊन बसले होते. गाडीच्या मागच्या फळीवरून चाकांची खुर्ची वर चढवायला विलासनंच हात लावला. त्याच्या हातांना सवय होती. खुर्ची कुठं अडेल, कुठं उचलायची, सगळं त्याला ठाऊक होतं.

“कधी येणार परत?” हिराबाईनं विचारलं. “माझी पाळी राहिली आजची.”

“दुपारी बसा,” पोपटराव म्हणाले. “गाडीत गार होतील पाय. बरंच आहे.”

फरीदानं त्यांच्याकडं वळून बघितलं. मग मान फिरवून ती स्टिअरिंगमागं जाऊन बसली. शैलजानं मात्र नजर हलवली नाही. हिराबाईची सूज आलेली बोटं, पोपटरावांचं कातरलेलं नख, कल्पनाच्या हातात तयार ठेवलेली पिशवी. ही वाईट माणसं असती तर सोपं गेलं असतं. आजारपणात हिराबाईनं तिला खिमट करून घातलं होतं. तेच हात. त्या हातांपासून दूर जायची अशी घाई आजवर तिला कधी झाली नव्हती.

“वन्सं, पट्टी काढू देऊ नका हं डॉक्टरांना,” कल्पना म्हणाली.

“संध्याकाळच्या आत आण, फरीदा,” विलास म्हणाला. तो गाडीच्या दाराला हात लावून उभा होता. “आज लाट आहे. आणि ताई, तो स्वेटर घातलास ना?”

तिनं घातला नव्हता. खोलीत खाटेवर तो घडी करून ठेवला होता. तिच्या मांडीवर एक पिशवी होती. त्यात कपडे होते, औषधं होती आणि आरसा होता. पिशवी फुगलेली होती, पण ती कोणी बघितली नाही. सगळे तिच्या पायांकडं बघत होते.

फरीदा स्टिअरिंगवर हात ठेवून थांबली. तिला काहीच सांगितलेलं नव्हतं. तिनं आरशातून फक्त एकदा मागं बघितलं.

बागेतल्या तारा उन्हात चमकत होत्या. घड खाली लोंबत होते, हिरवे, काचेसारखे. अजून थोडे दिवस. आज रात्री त्यांना ऊब मिळणार नव्हती. शैलजाला ते माहीत होतं आणि विलासला अजून माहीत नव्हतं, आणि तेवढ्यापुरतं तिला वाटलं, की आपणही काहीतरी गार करतो आहोत. पण ते तिनं स्वतःच्या हातानं, जागेपणी, त्याच्या तोंडावर करायचं ठरवलं.

“जाते मी, विलास,” ती म्हणाली.

“अहो वन्सं!” कल्पना चटकन पुढं आली. “असं अशुभ काय बोलता? ‘येते’ म्हणावं.”

“नाही,” शैलजा म्हणाली. “येत नाही. मी निफाडला राहणार आहे, फरीदाकडं. जाते.”